झाडाखालचं घर

पुंजाराम साळवेचं घर गुलमंडीत होतं, एका झाडाखाली. निदान बायकोला तो असंच सांगायचा.

गुलमंडीत झाड नव्हतं. कापडाची दुकानं होती, हातगाड्या होत्या, हॉर्नचा कल्ला होता. झाड होतं ते दत्तोपंतांच्या कापडदुकानात, गादीच्या वर टांगलेल्या सीनरीत. ती सीनरी पुंजारामनं काढलेली. आयुष्यातली पहिली. मागं डोंगर, पुढं भरलेलं तळं, तळ्यात उतरलेलं आभाळ आणि डाव्या अंगाला एक डेरेदार झाड. त्या झाडाच्या हिरव्या रंगाखाली पुंजारामचं घर होतं. हे फक्त त्याला आणि कडूबाईला ठाऊक होतं.

कडूबाई धडधाकट होती तेव्हा यावरून चेष्टा करायची. उस्मानपुऱ्यामागच्या वस्तीतली खोली पावसात गळायला लागली की म्हणायची, "काहून चिंता करता? गुलमंडीत आपलं घर हाय की. तिथं गळत नाय." बाजाराला गेली की दत्तोपंतांच्या दुकानासमोर जरा थांबायची. पदर सावरायची, आत बघायची. परत येऊन सांगायची, "बघून आले. सारवायला झालंय."

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू वळणावर आले, तोंडही सरळ झालं. डोक्यातलं मात्र सगळं सैल झालं. लेक मोनाली वाळूजला कंपनीत होती, ती रविवारी यायची. आईचे केस विंचरायची. कडूबाई तिला विचारायची, "तू कुणाची गं?"

दिवसा ठीक असायचं. दिवेलागणीला कडूबाई उठून बसायची आणि चपला शोधायची.

"चला घरी."

"हेच घर हाय, कडू."

"हे नाय. घरी चला. चूल पेटवायची हाय."

पहिल्यांदा पुंजारामनं समजावलं. मग चिडला. मग एका संध्याकाळी थकून जुनंच बोलून गेला, "आपलं घर गुलमंडीत हाय. झाडाखाली. उद्या जाऊ."

ती थांबली. "झाडाखाली?"

"व्हय."

"मग ठीक हाय," असं म्हणून ती आडवी झाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो हेच सांगू लागला. रोज ती ऐकायची. पण दिवसेंदिवस तिला उद्याचा भरवसा वाटेना. चपला घालून दारापर्यंत जायची, कडी वाजवायची. एकदा नाल्यापर्यंत गेली. टँकरवाल्यानं ओळखलं म्हणून परत आणून सोडली. डॉक्टर म्हणाले, "जुने फोटो असतील तर दाखवा. घराचे, माणसांचे. ओळखीचं काही डोळ्यांसमोर असलं की असे पेशंट शांत होतात."

फोटो नव्हता. घराचा नाही, आईबापाचा नाही, लग्नाचासुद्धा नाही.

"तुम्ही तर पेंटर आहात ना? मग काढा की चित्र," डॉक्टर म्हणाले.

पुंजारामनं मान हलवली. काढायला बसलासुद्धा. आणि तिथंच अडला.

आतलं सगळं आठवत होतं. चुलीमागची काळी भिंत, उतरंड, आईची पाठ, कडूबाई नवी नवरी असताना तिनं दाराशेजारी बोटांनी ओढलेल्या शेणाच्या रेघा. पण तळ्याच्या बांधावरून ते घर कसं दिसायचं ते आठवेना. दार कोणत्या अंगाला होतं? काकाचं घर पुढं होतं की मागं? त्यानं काढलेलं घर कॅलेंडरवरच्या झोपडीसारखं व्हायचं. कडूबाई बघायची आणि विचारायची, "हे कुणाचं?"

पुन्हा काढायला घेतलं की हात आपोआप तिथं बुंधा ओढायचा.

*

बहात्तर सालची गोष्ट. कुंभेवाडीचं तळं आटलं होतं, तळाला भेगा पडल्या होत्या. पुंजाराम आणि कडूबाईचं नुकतंच लग्न झालेलं. दोघांनी काही महिने दुष्काळी कामावर खडी फोडली, मग औरंगाबादेत आले. पुंजारामला चुना मारायचं काम मिळालं. दसऱ्याच्या आधी दत्तोपंतांच्या दुकानाला रंग द्यायचा होता. भिंतींना चुना आणि फळ्यांना, कपाटांना ऑइलपेंट. काम संपलं तेव्हा डब्यांच्या तळाला थोडा थोडा रंग उरला होता. सुतारानं टाकलेला हार्डबोर्डचा एक तुकडा कोपऱ्यात पडला होता.

चित्र काढताना त्यानं कधी कुणाला बघितलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. गावात असताना कोळशानं भिंतीवर बैल काढायचा आणि आईचा मार खायचा, तेवढंच. रंग घट्ट झाला होता म्हणून त्यात रॉकेल घातलं. बारीक कामाला शिंदीची काडी चावून कुंचला केला. आणि त्यानं तळं काढलं. आटलेलं नाही, भरलेलं. बांधावर बसून लहानपणी बघितलं होतं तसं. डाव्या अंगाला, सांडव्याच्या खाली, त्यांची घरं काढली. गावापासून सुटी. पाणी आधी गावाचं, उरलेलं खाली यांच्याकडं, अशी ती जागा.

दत्तोपंतांनी चष्मा वर करून बघितलं.

"पुंजा, हे तू काढलंस? हातात कला आहे रे तुझ्या."

पुंजाराम उभाच होता.

"पाणी बघ कसं आलंय. या दिवसांत नुसतं बघून गार वाटतं." मग त्यांचं बोट डावीकडं गेलं. "ही घरं कशाची? गावाबाहेरची दिसतात."

पुंजारामनं हातातली काडी चिंधीला पुसली.

"हे काही बरं दिसत नाही. गादीच्या वर लावायचंय. तिथं एक झाड टाक, डेरेदार. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला बरं."

आवाजात राग नव्हता. चहा सांगावा तसं त्यांनी झाड सांगितलं. दत्तोपंत वाईट माणूस नव्हते. नंतर त्यांनीच चार दुकानांत त्याचं नाव सांगितलं, मुलीच्या वह्यापुस्तकांना मदत केली. पुंजारामनं पायरीवर बसून झाड काढलं. आधी बुंधा काकाच्या घरावर आला, मग फांद्या आपल्या घरावर. शेवटी पानं.

घरी येऊन त्यानं कडूबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. जरा वेळ तिचे हात थांबले.

"पुसलं का?"

"पुसलं नाय. वरून झाड काढलं. घर खाली हाय."

"मग असू द्या," ती म्हणाली. "सावलीत हाय."

त्या झाडानं त्यांना जगवलं. दत्तोपंतांच्या दुकानात येणारा जाणारा विचारायचा, सीनरी कुणाकडून घेतली? मग तशीच हवी असायची. दुष्काळात तर जास्तच. आभाळ कोरडं पडलं की लोक भिंतीवर पाणी मागायचे. डॉक्टरांचे दवाखाने, स्टेशनसमोरचे लॉज, जालना रोडवरचे ढाबे. पुंजाराम सायकलच्या कॅरियरला दोन दोन चित्रं समोरासमोर बांधायचा, चार कोपऱ्यांत बुचं लावून, म्हणजे ओले रंग एकमेकांना लागत नाहीत. काही घरांत चित्र आत जायचं आणि पुंजाराम पायरीवर उभा राहायचा. भिंतीवर कुठं लावलं ते त्याला कधी दिसायचं नाही. खाली नाव टाकायला कुणी सांगितलं नाही, त्यानंही टाकलं नाही.

ढाब्यावरचे ट्रकवाले बरे. ते बाजूला बसायला जागा द्यायचे. एक सरदारजी नेहमी म्हणायचा, "उस्ताद, पहाडां पे थोडा बरफ डाल देव. केबिन में गरमी भोत है." पुंजाराम कुंभेवाडीच्या डोंगरावर बर्फ टाकून द्यायचा. कुणाला हंस हवे असायचे, कुणाला होडी. मागेल ते तो टाकायचा. डावीकडचं झाड मात्र प्रत्येक चित्रात असायचं. ते गिऱ्हाइकाला हवं म्हणून, आणि त्याला दुसरं काही टाकवत नव्हतं म्हणून.

वस्तीतली पोरं त्याच्याकडं बसून शिकली. शिकवणं म्हणजे काय, तर रंग कालवून द्यायचा आणि म्हणायचं, "मव्हं चित्र बघ अन् काढ." एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. "खालचं वाळू द्या. ओल्यावर ओलं गेलं की दोन्ही मरतं." पोरं मोठी झाली. कुणी जालन्याला, कुणी नगरला दुकान टाकलं. सगळ्यांच्या चित्रांत तेच झाड. त्याखाली काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढं फ्लेक्स आलं आणि ब्रश थांबले. पण झाड थांबलं नाही. कुणीतरी कुठल्यातरी लॉजमधल्या सीनरीचा फोटो काढला असावा. एके दिवशी पुंजारामला शेंद्र्याच्या रस्त्यावर मोठा फलक दिसला. प्लॉट विक्री, निसर्गाच्या कुशीत. त्यावर त्याचं झाड होतं, घराएवढं मोठं. फलकाच्या मागं कुंभेवाडीची जमीन होती. तळं मुरूम टाकून भरलेलं, कंपनीचं कुंपण सांडव्यापर्यंत आलेलं. घरं तर कधीच कोसळली होती. पुंजाराम सायकल धरून उभा राहिला. मग घरी आला आणि कडूबाईला काही बोलला नाही.

म्हणजे आता घर एकाच ठिकाणी उरलं होतं.

*

कडूबाईचं चपला शोधणं वाढलं तेव्हा पुंजाराम गुलमंडीत गेला. दुकान जागेवर नव्हतं. रस्ता रुंद झाला होता आणि दुकानाचा पुढचा निम्मा भाग त्यात गेला होता. गादी होती तिथून मोटारसायकली जात होत्या. उरलेल्या भिंतीला पत्रे ठोकलेले. दत्तोपंत जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पत्र्याआड एक तरुण पोरगा सामान काढत होता. दत्तोपंतांचा नातू, शंतनू. साहित्यात एम. ए. झालेला, नोकरी नव्हती.

"हितं एक सीनरी व्हती," पुंजाराम म्हणाला.

"तळ्याची? डावीकडं झाड? ती घरी आहे. गारखेड्याला. तुम्हाला कशी माहीत?"

"म्या काढली."

शंतनूनं हातातलं खोकं खाली ठेवलं. आजोबांच्या मांडीवर बसून तो त्या झाडाकडं बघत वाढला होता. ते कुणी काढलंय हा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता.

त्या दिवसापासून तो वस्तीत येऊ लागला. पुंजारामच्या ओट्यावर बसायचा, काळा चहा प्यायचा. पाणी विकतचं, म्हणून चहाही अर्धा कप. कडूबाई त्याला कधी भाऊ समजायची, कधी तलाठी. तलाठी समजली की आत जाऊन बसायची. एक दिवस शंतनू उत्साहानं सांगायला लागला.

"पुंजाकाका, अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून भाग आहे. समुद्र, दलदल, ताडाची झाडं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथं काही काळे लोक सीनरी काढायचे. बऱ्याच जणांना कुणी शिकवलं नव्हतं. काही संत्र्यांच्या बागेत मजुरी करायचे. प्रदर्शनं, गॅलऱ्या यांची दारं त्यांना बंद. मग गाडीच्या डिकीत चित्रं टाकायची आणि हमरस्त्यानं विकत जायचं. दवाखाने, लॉज, ऑफिसं."

"बांधायचे कशी?"

"काय?"

"चित्रं. ओली चिकटत नव्हती का?"

"ओलीच न्यायचे म्हणे. घाई असायची."

पुंजाराम हसला. कडूबाई आजारी पडल्यावर पहिल्यांदा. "मग आपल्यातलेच."

"आता ती चित्रं संग्रहालयात आहेत. लोक शोधत फिरतात."

"अन् माणसं?"

"बरीच गेली. काही आहेत."

पुंजारामनं कपातला उरलेला चहा फिरवला. "त्यांनी त्याच्यात आपली घरं काढली का?"

शंतनू विचारात पडला. "नाही, बहुतेक. मी बघितली त्यात तरी नाही. पाणी, झाडं, आभाळ. वाऱ्यानं वाकलेले ताड."

"नसतील काढली," पुंजाराम म्हणाला. "घेणारा दुसरा व्हता ना."

शंतनूच्या मनात प्रदर्शन होतं. शहरातल्या सीनऱ्या गोळा करायच्या, खाली नाव लावायचं, पुंजाराम साळवे. सगळ्यांत मध्ये दुकानातली ती पहिली.

"ती मला पाहिजे," पुंजाराम म्हणाला.

"प्रदर्शनानंतर मी आईला..."

"प्रदर्शनाला नको. मला त्याच्यातलं झाड काढायचंय."

"काढायचंय म्हणजे?"

"खरवडून."

मग त्यानं सगळं सांगितलं. दसरा, दत्तोपंतांचं बोट, झाड, सांडव्याखालची घरं. सांगताना तो शंतनूकडं बघत नव्हता, आत बसलेल्या कडूबाईकडं बघत होता. शंतनू ऐकत राहिला. चहा तसाच निवला. जाताना त्याला चप्पल पायात नीट घालता येईना.

*

गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये सीनरी हॉलमध्ये सोफ्याच्या वर होती. पुंजाराम दारात थांबला. सवयीनं.

"आत या ना, काका," शंतनू म्हणाला.

शंतनूची आई भानुमती, दत्तोपंतांची सून, पाणी घेऊन आली. तिला मुलानं आधीच सांगितलं होतं. तिचा चेहरा ओढलेला होता.

"बाबांची हीच एक आठवण आहे घरात," ती म्हणाली. "ते शेवटी आजारी होते ना, तेव्हा हे थोडे दिवस दुकानातून घरी आणलं होतं. कॉटवरून हेच बघत पडायचे. म्हणायचे, झाडाखाली जाऊन बसावंसं वाटतं."

पुंजाराम म्हणाला, "वहिनी, मव्हं घर हाय त्याच्याखाली."

भानुमती चित्राकडं बघत राहिली. "बाबांनीच सांगितलं होतं का, झाड काढायला?"

"व्हय. पण रागानं नाय."

"ते रागानं कधी काही सांगायचे नाहीत," ती म्हणाली. मग सोफ्यावर चढून तिनं स्वतःच चित्र खाली घेतलं. पदरानं धूळ पुसताना तिला काही आठवलं. "ते सांगायचे, हे लावलं त्या संध्याकाळी झाडाचा रंग भिंतीवर ओघळला होता. नव्या चुन्यावर हिरवा डाग. बरीच वर्षं दिसायचा तो."

पुंजारामनं ते ऐकलं. हातातला ग्लास त्यानं टीपॉयवर ठेवला. मग चित्र घेतलं, चादरीत गुंडाळलं. "येतो," म्हणाला.

रिक्षात शंतनू काहीतरी बोलत होता. पुंजारामला ऐकू येत नव्हतं. वाळलं होतं, तो स्वतःला सांगत होता. मी वाळू दिलं होतं. नक्की दिलं होतं.

*

सकाळच्या उजेडात त्यानं चित्र ओट्यावर ठेवलं. खाली गोणपाट अंथरलं. रंग उतरवायच्या रिमूव्हरची बाटली, टर्पेंटाइन, चिंध्या, पातळ पत्ती. शंतनू भिंतीला टेकून उभा होता. कडूबाईला पुंजारामनं दारात खुर्ची टाकून दिली.

"बघ हं, कडू. आज घरी जायचं."

"चूल पेटवायची हाय," ती म्हणाली.

त्यानं झाडाच्या शेंड्याला रिमूव्हर लावलं आणि थांबला. रंग सुरकुतला. कडेनं पत्ती घातली तशी पानांची एक पातळ साल अलगद उठली. खाली आभाळ निघालं. निळं, स्वच्छ, बहात्तर सालचं. पुंजारामच्या तोंडून श्वास सुटला. आभाळ आधी काढलं होतं, सगळ्यात आधी, घरांच्या दहा-बारा दिवस आधी, ते वाळलेलं होतं.

"निघतंय की, काका," शंतनू म्हणाला.

पुंजाराम खाली सरकला. आता घराचं आढं, छपराचा कणा, दिसायला हवं होतं. त्यानं रिमूव्हर लावलं, थांबला, पत्ती घातली. हिरवं उठलं, आणि त्याच्याबरोबर तपकिरीही उठलं. दोन्ही एकच झालेलं. पत्तीवर शेणासारखा गोळा आला. त्याखाली हार्डबोर्ड.

तो जरा बाजूला सरकला. पुन्हा तेच. चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन हळूच पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. चिखल निघाला. कुठं एखादी सरळ रेघ होती, ती भिंतीची की फांदीची कळेना. बोट लावायच्या आत तीही पुसली गेली.

"काका, थांबा जरा."

पुंजाराम थांबला नाही. आता त्याला सगळं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी दसरा होता. रंगात रॉकेल होतं, रॉकेलचा रंग आठवडा आठवडा वाळत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतंच. सकाळी घरं काढली होती आणि दुपारी, त्याच बोटांनी, त्या ओल्या घरांवर झाड काढलं होतं. काढता काढता ब्रशला तपकिरी लागत होतं, तेही आठवलं. त्याला वाटलं होतं, बरं झालं, पानांना सावली आली. दत्तोपंतांनीही त्याच सावलीचं कौतुक केलं होतं.

घर झाडाखाली नव्हतं. घर झाडात कालवलं गेलं होतं, त्याच दुपारी. पुढची सगळी वर्षं तो गुलमंडीतून जाताना ज्याच्याकडं बघत होता ते काही नव्हतं.

त्यानं झाड पूर्ण खरवडलं, बुंध्यापर्यंत. कुठंतरी एखादं दार सापडेल म्हणून. दार सापडलं नाही. तळं तसंच होतं, डोंगर तसेच होते, आणि डावीकडं हार्डबोर्डचा उघडा तपकिरी डाग. नखांत हिरवं-काळं भरलेलं.

शंतनू भिंतीपासून पुढं आला. तो खाली बसला आणि सालपटं गोळा करू लागला.

"ठेव ती," पुंजाराम म्हणाला. "काय करतो त्याचं?"

"असू द्या."

"कचरा हाय तो, बाबा. जा तू आता."

*

दिवेलागणीला कडूबाईनं चपला शोधल्या.

"चला घरी."

पुंजाराम कोपऱ्यात बसला होता. रोजचं वाक्य तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. त्यानं दिवा लावला, चित्र उचलून तिच्यासमोर धरलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कडूबाईनं चित्र बघितलं. तळ्यावरून बोट फिरवलं. डोंगरावरून फिरवलं. मग डावीकडं आली आणि बोट थांबलं.

"झाड कुठंय?"

"काढलं, कडू."

"काहून?"

त्यानं चित्र खाली टेकवलं. मग म्हणाला, "दार कुण्या अंगाला व्हतं? तुला आठवतं का? तू रेघा ओढल्या व्हत्या दाराशेजारी. बोटांनी. डाव्या हाताला का उजव्या?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याला वाटलं, येतंय. ओठ हलले.

"झाड कुठंय?" ती म्हणाली. "घर झाडाखाली हाय. झाड नाय तर घर कसं सापडंल?"

आणि ती रडायला लागली. झटक्यानंतर ती रडली नव्हती. लहान पोर हरवल्यावर रडतं तशी, आवाज न दाबता. शेजारची बाई दारात आली. पुंजारामनं कडूबाईला पाणी दिलं, ते तिनं लोटलं. चपला घालून दिल्या, हाताला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं, फिरवून परत आणलं. आपल्याच दारापुढं ती थांबली आणि वर बघू लागली.

"हे नाय. झाड कुठंय?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. मोनाली रजा काढून आली. तिनं भरवायचा प्रयत्न केला, आईनं तोंड फिरवलं.

पुंजारामनं फळीवरून डबे काढले. हिरवा, पिवळा, थोडा काळा. घट्ट झालेल्या रंगांत रॉकेल घातलं. तपकिरी घ्यायला हात गेला आणि मागं आला. घर काढायचं तर दार कुठं काढणार? त्यानं ब्रश बुडवला. हाताला विचारावं लागलं नाही. हातानं बुंधा ओढला, फांद्या काढल्या, पानं ठिपकली. दत्तोपंतांनी सांगितलं होतं तसंच, डेरेदार. आता कुणीही सांगत नव्हतं.

कडूबाई खुर्चीतून बघत होती. झाड पुरं होत आलं तशी ती पुढं वाकली.

"हां," ती म्हणाली. "इथंच. खाली हाय ना?"

पुंजाराम ब्रश धरून बसला होता.

"हाय ना, अवो?"

"हाय," तो म्हणाला. "सावलीत हाय."

तिनं मोनालीच्या हातून भात खाल्ला.

पुढच्या आठवड्यात शंतनू आला. भिंतीला टेकवलेलं चित्र त्यानं बघितलं आणि दारातच थबकला. लहानपणापासून बघत आला होता तेच झाड. पुंजाराम ओट्यावर बसून रिकामे डबे पुसत होता. आत कडूबाई झोपली होती. टँकर येऊन गेला होता, हंडे भरलेले होते.

"काका, हे काय केलंत?"

पुंजाराम डबा पुसत राहिला. शंतनू वाकला. त्याचा हात आपसूक डावीकडं, हिरव्या पानांकडं गेला.

"हात नको लावू," पुंजाराम म्हणाला. "ओलं हाय अजून."